व्हर्जन आलं हे बॉट सांगेल, पण ते वाचणार कोण?

फेडोरा या लिनक्स डिस्ट्रोमध्ये (म्हणजे हजारो सॉफ्टवेअर एकत्र बांधून देणाऱ्या संचात) एखादं पॅकेज, म्हणजे त्यातलं एक सॉफ्टवेअर, सांभाळणाऱ्या माणसाला, मेंटेनरला, एक ठरलेला मेल येत असतो. पाठवणाऱ्याच्या जागी 'अपस्ट्रीम रिलीज मॉनिटरिंग' (अपस्ट्रीम म्हणजे ते सॉफ्टवेअर मुळात बनवणारा प्रोजेक्ट), विषयाच्या ओळीत पॅकेजचं नाव, नवा आकडा आणि 'इज अव्हेलेबल', बस. आत उघडलं की कुठले रिलीज सापडले, त्यातला लेटेस्ट कुठला, रॉहाइडमध्ये, म्हणजे फेडोराच्या सतत बदलत्या कच्च्या आवृत्तीत, आत्ता कुठला आहे, अपस्ट्रीमचा पत्ता, आणि खाली स्टेबल ब्रांचला अपडेट देण्याआधी पॉलिसी बघा अशी सूचना. माणसानं लिहिलेलं यात काहीच नसतं. 'अनित्य' नावाची एक सर्व्हिस आहे, ती हजारो प्रोजेक्टची रिलीज पानं सतत चाळत असते, नवा आकडा दिसला की मेसेज सोडते, 'द न्यू हॉटनेस' नावाचा दुसरा प्रोग्राम तो मेसेज पकडून बगझिलात, म्हणजे तक्रारींच्या नोंदवहीत, बग उघडतो, आणि मेंटेनरनं तशी सेटिंग ठेवली असेल तर कोजीवर, म्हणजे सोर्समधून पॅकेज तयार करणाऱ्या फेडोराच्या यंत्रणेवर, एक चाचणीचं बिल्ड पण लावून बघतो.

आधीच सांगतो, मी या यंत्रणेच्या विरोधात नाहीये. डेबियन, निक्स, होमब्रू, आर्च ही फेडोरासारखीच पॅकेजांची भांडारं. डेबियनमध्ये हेच काम 'वॉच' नावाची छोटीशी फाईल आणि यूस्कॅन नावाचा प्रोग्राम करतात, निक्समध्ये बॉट थेट बदल करून पुल रिक्वेस्टच, म्हणजे 'हा बदल घ्या' अशी विनंतीच, टाकतो, होमब्रूमध्ये लाइव्हचेक आहे, आर्चमध्ये तर पानावरच 'आउट ऑफ डेट' असं फ्लॅग करायचं बटण असतं आणि ते कुणीही दाबू शकतं. निक्सच्या भांडारात एक लाखाहून जास्त पॅकेजेस आहेत, डेबियनमध्ये साठ हजारांहून जास्त. एवढ्या प्रोजेक्टवर माणसानं डोळा ठेवायचा म्हटलं तर शक्यच नाही, पूर्वी लोक मेलिंग लिस्ट आणि स्वतःच्या आठवणीवर चालायचे आणि कित्येक पॅकेजेस वर्षानुवर्षं भिजत पडलेली असायची. ते दिवस परत यावेत असं मला अजिबात वाटत नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. रिलीज झाला ही बातमी बॉटनं फुकट करून टाकली, पण रिलीज वाचण्याचं काम जितकं महाग होतं तितकंच महाग राहिलं, आणि आपण सगळे मिळून असं वागायला लागलो की जणू बातमी पोचली म्हणजे काम झालं, उरलंय ते फक्त आकडा बदलून बिल्ड मारणं. दूधवाल्यानं बेल वाजवली म्हणून दूध तापत नाही. मधलं जे काम आहे, चेंजलॉग (काय बदललं याची यादी) वाचणं, डिफ (जुन्या-नव्या कोडमधला फरक) बघणं, लायसन्स बघणं, कुणाचं काय मोडेल याचा अंदाज घेणं, ते करायला माणूस लागतो, आणि त्या माणसाचा वेळ कुणाच्याच बजेटमध्ये नाही. मला वाटतं ओपन सोर्सच्या सुरक्षिततेवर आज जेवढी चर्चा होते त्यातली निम्मी तरी या एका मुद्द्यावर व्हायला पाहिजे.

बॉटला नेमकं काय कळतं ते आधी बघू. त्याला आकडे कळतात, आणि तेही पूर्ण कळत नाहीत. वॉच फाईलमध्ये एक पत्ता असतो आणि एक रेजेक्स (नावं ओळखायचा साचा), त्या पानावर रेजेक्सला जुळणारी जी नावं सापडतील त्यातलं सगळ्यात मोठं ते नवीन असं गृहीत धरलेलं असतं. आता अपस्ट्रीमनं २.०आरसी१ (पक्क्या २.० च्या आधीचं चाचणीचं व्हर्जन) काढलं तर साध्या तुलनेत ते २.० पेक्षा मोठं ठरतं, म्हणून डेबियनवाले मध्ये टिल्डे घालतात, २.०~आरसी१ असं, कारण त्यांच्या नियमात टिल्डे सगळ्यात लहान मोजला जातो. ग्नोम या डेस्कटॉपचं पूर्वी मधला आकडा विषम असेल तर ते डेव्हलपमेंट व्हर्जन, ३.३७ कच्चं आणि ३.३८ पक्कं, हे माणसाला माहीत, बॉटला मुद्दाम शिकवावं लागतं. काही प्रोजेक्ट आधी तारखेचे आकडे टाकतात, २०१८०५१२ वगैरे, आणि नंतर शहाणे होऊन १.० काढतात, मग बॉटच्या हिशोबानं १.० हे कधीच नवीन ठरत नाही. आणि एकदा का चुकीचा मोठा आकडा भांडारात गेला की मागे यायला एपोक, म्हणजे आकड्याच्या आधी लावायचा जास्तीचा क्रमांक, लावावा लागतो, तो एपोक एकदा लागला की त्या पॅकेजला कायमचा चिकटतो. या सगळ्या भानगडी मेंटेनर हातानं निस्तरतो, त्याची नोंद कुठेही होत नाही.

पण हे किरकोळ आहे, खरं घोडं पुढे अडतं.

एक्सझेड या फाईली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामचं प्रकरण बहुतेकांना माहितीये पण ते या बाजूनं फारसं सांगितलं जात नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. २४ फेब्रुवारी २०२४ ला एक्सझेडचं ५.६.० आलं, मार्चमध्ये ५.६.१. रिलीज रीतसर होता, जो काही वर्षं त्या प्रोजेक्टमध्ये काम करत होता आणि ज्याच्याकडे रिलीज काढायचे अधिकार होते अशाच खात्यानं काढलेला, चेंजलॉगही नीट. आत बॅकडोअर, म्हणजे चोरदरवाजा, होतं. त्याचा मुख्य भाग चाचणीच्या बायनरी फाईल्समध्ये लपवलेला होता, आणि तो बिल्डच्या वेळी जागा करणारा तुकडा, एक एमफोर फाईल, फक्त टारबॉलमध्ये (रिलीजच्या बांधलेल्या गठ्ठ्यात) होता, गिटमध्ये (कोडच्या उघड इतिहासात) नव्हताच. म्हणजे गिट वाचणाऱ्याला तो दिसला नसता, टारबॉल आणि गिट शेजारी शेजारी ठेवून फरक काढणाऱ्यालाच दिसला असता. शिवाय तो कोड आधी बघायचा की आपण डेबियन किंवा आरपीएम (फेडोरा, ओपनसुसे वापरतात ते) पॅकेज म्हणून बिल्ड होतोय का, तसं असेल तरच कामाला लागायचा. म्हणजे हल्ला कुणावर होता? पॅकेज बनवण्याच्या याच साखळीवर, जिच्यात बॉट सांगतो नवीन आलंय आणि मेंटेनर आकडा बदलतो.

बॉट कुठेही चुकला नाही यात. नवं व्हर्जन आलं हे खरंच होतं. बिल्ड पास झालं. फेडोरा रॉहाइड आणि फेडोरा ४० ची बीटा, डेबियनचं टेस्टिंग आणि अनस्टेबल, ओपनसुसेचं टंबलवीड, सगळीकडे ते पोचलं. फेडोरात ५.६.० नंतर वॅलग्राइंड या मेमरीच्या चुका शोधणाऱ्या साधनाच्या तक्रारी येत होत्या आणि त्या मिटवायला म्हणून ५.६.१ आलं, 'दुरुस्ती'च्या रूपात, रिलीज काढणारा तोच माणूस फेडोराच्या मेंटेनरशी कित्येक आठवडे बोलत होता की नवीन फीचर्स भारी आहेत, घ्या. डेबियनमध्ये तर एका नव्याच नावाच्या खात्यानं येऊन लवकर अपडेट करा असा बग टाकला होता. हे जरा थांबून बघण्यासारखं आहे. हल्लेखोराला माहीत होतं की या जगात 'तुमचं व्हर्जन जुनं झालंय' हे वाक्य कुणालाही संशयास्पद वाटत नाही, कारण दिवसभर यंत्रं तेच बोलत असतात.

ते सापडलं कसं, तर आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस डेटाबेसवाला डेबियन अनस्टेबलवर मोजमापं करत होता आणि त्याला एसएसएच (दूरच्या मशीनमध्ये शिरायच्या) लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, त्यानं ते सोडून दिलं नाही, खणत गेला आणि २९ मार्चला जाहीर केलं. पाच आठवडे. डेबियन स्टेबल वापरणारे, आरएचईएल (रेड हॅटचं कंपन्यांसाठीचं लिनक्स) वापरणारे यातून वाचले, का, तर तिथे नवीन आलं म्हणून घेतलं जात नाही.

यावरून लगेच 'जुनंच बरं' असा निष्कर्ष काढणारे लोक पण आहेत, मला तोही पटत नाही. डिसेंबर २०२१ आठवा. लॉगफोरजे या जावामधल्या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीचं भोक उघडं झालं आणि त्या एका महिन्यात २.१५.०, मग त्यातही भोक म्हणून २.१६.०, मग २.१७.०, मग २.१७.१ असे चार रिलीज आले. पुण्या-मुंबईत आयटीत काम करणाऱ्या कितीतरी जणांची ती नाताळची सुट्टी कॉलवर गेली असेल. तिथे दोन दिवस थांबणं म्हणजे दार सताड उघडं टाकणं होतं, आणि तिथे बॉटनं मिनिटात कळवलं याचं मोल खूप मोठं आहे.

अडचण अशी की एक्सझेडचं ५.६.० आणि लॉगफोरजेचं २.१५.०, दोन्हीची सूचना हुबेहूब सारखी दिसते. नाव, आकडा, अव्हेलेबल. एक घेतलं तर बुडालो, दुसरं नाही घेतलं तर बुडालो, आणि सूचनेत त्यांच्यातला फरक ओळखायला काहीच नाही. अपस्ट्रीमनं तरी सांगावं, तर लिनक्स कर्नलच्या बहुतेक स्टेबल रिलीजच्या घोषणेत एकच वाक्य असतं की या मालिकेच्या सर्व वापरकर्त्यांनी अपग्रेड केलंच पाहिजे, आणि फेब्रुवारी २०२४ पासून कर्नलवाले स्वतःच सीव्हीई नंबर (सुरक्षेच्या भोकाचा अधिकृत क्रमांक) देतात ते जवळजवळ प्रत्येक बगफिक्सला. त्यांची बाजू मला समजते, कर्नलमध्ये कुठला बग उद्या भोक ठरेल हे सांगता येत नाही. पण ऐकणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर सगळंच तातडीचं झालं की तातडीचं काहीच राहत नाही.

मग लोक काय करतात? दोनच गोष्टी, एकतर मेलला फिल्टर लावून फोल्डरमध्ये ढकलतात, नाहीतर ऑटोमर्ज लावतात. दुसरं जास्त धोकादायक. गिटहबचा डिपेंडाबॉट हा अपडेट सुचवणारा बॉट पुल रिक्वेस्ट टाकतो, टेस्ट हिरव्या झाल्या की आपोआप मर्ज, माणूस मध्ये नाहीच. २०२३ मध्ये चोरांनी लोकांचे गिटहबचे टोकन (पासवर्डसारख्या किल्ल्या) वापरून शेकडो रिपॉझिटरीत घाणेरडा कोड टाकला आणि कमिट करणाऱ्याच्या जागी नाव लावलं डिपेंडाबॉटचं. त्यांनी अगदी बरोबर ओळखलं होतं, बॉटच्या कमिटकडे कुणी बघत नाही. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये एनपीएमवर, म्हणजे जावास्क्रिप्टच्या पॅकेज भांडारावर, चॉक, डीबग वगैरे अठरा पॅकेजेसची जी विषारी व्हर्जन्स आली, ज्यांचे एकत्र मिळून आठवड्याला दोनशे कोटींहून जास्त डाउनलोड होतात, तिथे मेंटेनरला टू-फॅक्टर बदला असा खोटा मेल आला होता, त्यातून खातं गेलं. ती व्हर्जन्स काही तासांत काढली गेली, पण त्या काही तासांत ज्यांचं सगळं ऑटोमॅटिक होतं त्यांनी ती घेतलीच.

त्यानंतर थांबण्याची पद्धत पसरली, पीएनपीएम या एनपीएमची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनानं त्याच महिन्यात किमान वयाची सेटिंग आणली, म्हणजे रिलीज होऊन अमुक इतका वेळ गेल्याशिवाय घ्यायचाच नाही, रेनोव्हेट या डिपेंडाबॉटसारख्याच बॉटमध्ये ते आधीपासून होतं, डिपेंडाबॉटमध्येही कूलडाउन आलेलं होतं. मला हे योग्य वाटतं आणि प्रत्येकानं आजच्या आज लावावं असं वाटतं, सिक्युरिटी फिक्स सोडून. यावर एक आक्षेप नेहमी येतो, सगळेच थांबले तर शोधणार कोण. एनपीएमच्या बाबतीत त्याला उत्तर आहे, तिथे नवीन रिलीज आला की काही सिक्युरिटी कंपन्यांची यंत्रं तो लगेच तपासतात, ते तुमच्या इन्स्टॉल करण्यावर अवलंबून नाही. पण एक्सझेडला हे उत्तर लागू होत नाही, तिथे सात दिवस काय, महिनाभर थांबून पण काही कळलं नसतं. फक्त वेळ जाऊ दिला म्हणून खात्री वाढत नाही, त्या वेळात कुणीतरी काहीतरी बघितलं तरच वाढते, आणि म्हणून फिरून फिरून मी वाचण्यावरच येतो.

वाचणं म्हणजे नेमकं काय ते एका साध्या उदाहरणात सांगतो. रेडिस या डेटाबेसचं ७.२ होतं, मग ७.४ आलं. आकड्यावरून बघाल तर किरकोळ उडी, बॉट म्हणेल घ्या, बिल्ड पास होईल, टेस्ट पास होतील. पण मार्च २०२४ मध्ये रेडिसनं जाहीर केलं होतं की ७.४ पासून बीएसडी हे मोकळं लायसन्स बंद, त्याजागी आरएसएएल आणि एसएसपीएल ही जास्त अटींची लायसन्सं. फेडोराच्या नियमात एसएसपीएल बसत नाही. म्हणजे तो एक आकडा बदलणं म्हणजे डिस्ट्रोच्या मूळ तत्त्वातून बाहेर पडणं होतं. लिनक्स फाउंडेशननं त्याच महिन्यात व्हॅल्की नावाचा फोर्क (रेडिसच्या जुन्या मोकळ्या कोडवरून वेगळा काढलेला प्रोजेक्ट) उभा केला आणि फेडोरा ४१ मध्ये रेडिसच्या जागी तोच आला. हा निर्णय कुठल्याही बॉटनं घेतला नाही, माणसांनी बसून, वाचून, वाद घालून घेतला. अशा किती लायब्ऱ्या असतील की ज्यांच्या लायसन्स बदलाची बातमी पेपरात येत नाही, तिथे एका फाईलमधल्या दोन ओळी बदलतात आणि कुणाला पत्ता लागत नाही.

उलट्या बाजूचं पण सांगतो, म्हणजे आकडा जुना पण वस्तू चांगली. १ जुलै २०२४ ला ओपनएसएसएच या एसएसएच चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं मोठं भोक बाहेर आलं, अपस्ट्रीमचं दुरुस्त व्हर्जन ९.८. डेबियन १२ नं काय केलं, तर तेवढी दुरुस्ती जुन्या ९.२ मध्ये आणून बसवली आणि '९.२पी१-२+डेब१२यू३' म्हणून दिली. त्या भोकापुरता सर्व्हर सुरक्षित. पण फक्त ९.२ बघून ओरडणारे स्कॅनर भरपूर आहेत, आणि आपल्याकडे व्हीएपीटीचा (सुरक्षा तपासणीचा) रिपोर्ट आला की त्यात लाल अक्षरात 'आउटडेटेड ओपनएसएसएच, क्रिटिकल', मग मॅनेजर म्हणतो मला ती ओळ बंद करून द्या, मग कुणीतरी बिचारा डिस्ट्रोचं पॅकेज काढून कुठून तरी ९.८ सोर्समधून बसवतो, आणि त्या दिवसापासून त्या सर्व्हरवरच्या ओपनएसएसएचला डेबियनची एकही सिक्युरिटी दुरुस्ती मिळत नाही. हे अनेक ऑफिसांत होतं. ऑडिटरनं चेंजलॉगची एक ओळ वाचली असती तर प्रश्न तिथेच मिटला असता. रेपॉलॉजी या साइटच्या पानावर पण तेच, नवीन हिरवं आणि जुनं लाल. रेपॉलॉजी मला मनापासून आवडतं, शेकडो भांडारांची तुलना एका जागी करणं ही मोठी सेवा आहे, पण लाल रंग बघून माणसाच्या पोटात जे होतं त्याला इलाज नाही, मेंटेनरला वाटतं आपण काहीतरी चुकवलंय.

आणि ज्याबद्दल कुणीच बोलत नाही ते म्हणजे गप्प बसलेला बॉट. त्याला दिलेला पत्ता मेला की तो ओरडत नाही, फक्त नवीन काही सापडत नाही, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सगळं ताजं आहे. गूगल कोड ही प्रोजेक्ट ठेवायची साइट बंद झाली तेव्हा हे कित्येक पॅकेजेसचं झालं, २०१७ मध्ये फेडोराहोस्टेड बंद झालं तेव्हाही. आपल्याला जवळचं उदाहरण घ्यायचं तर लोहित फाँट. हे फाँट रेड हॅटनं सांभाळले, त्यातलं बरंचसं काम पुण्यात झालं, फेडोरात मराठीसाठी लोहित मराठी असं वेगळं पॅकेजच आहे. प्रोजेक्टचं घर आधी फेडोराहोस्टेड, मग पॅग्युअर, आणि डिसेंबर २०२४ मध्ये फेडोरानं पॅग्युअर सोडून फॉर्जेजोवर जायचं ठरवलं, म्हणजे पत्ते पुन्हा हलणार. दर वेळी कुणीतरी जाऊन अनित्यमधला पत्ता बदलला तरच पुढची सूचना येणार, तो बदलायचं काम कुणाच्या नावावर आहे?

फाँटचंच बोलतोय तर अजून थोडं, कारण इथे आपण मराठी लोक थेट लागतो. पडद्यावर देवनागरी जुळवून दाखवायचं काम बहुतेक ठिकाणी हार्फबझ करतं, फायरफॉक्समध्ये, क्रोममध्ये, लिबरऑफिसमध्ये, अँड्रॉइडमध्ये. त्याचे रिलीज वरचेवर येतात आणि बॉट इमानेइतबारे कळवतो. बिल्ड पास होतं, टेस्ट पास होतात. पण 'दऱ्या' आणि 'तऱ्हा' मधला तो अर्धा र नीट दिसतोय का, 'दर्या' आणि 'दऱ्या' वेगळे राहिलेत का, मराठी भाषा लावल्यावर ल आणि श मराठी वळणाचे येतायत का हिंदी वळणाचे, हे बघायला मराठी वाचणारा डोळा लागतो. यातलं काही टेस्टमध्ये लिहून ठेवता येतं आणि ठेवलेलंही आहे, पण टेस्ट कुणीतरी आधी लिहिलेली असेल तेवढंच पकडते. फाँट आणि लायब्ररी दोन्ही नवीन आल्यावर मिळून काय दिसतं ते आपल्यापैकी कुणी बघितलं नाही तर दुसरं कोण बघणार, फिनलंडातला माणूस तर नक्कीच नाही.

फिनलंड म्हटलं कारण एक्सझेडचा मूळ मेंटेनर लासे कॉलिन तिथला. २०२२ मध्ये त्याच्या मेलिंग लिस्टवर काही नावं येऊन त्याच्यामागे लागली होती, रिलीज का येत नाही, पॅच का पडून आहेत, दुसऱ्याला द्या ना मग. त्यानं शांतपणे लिहिलं होतं की आपली मानसिक तब्येत बरेच दिवस ठीक नाही आणि हा बिनपगारी छंदाचा प्रोजेक्ट आहे. ती नावं बहुधा खोटी होती, त्याच कटातली. पण ते खोटे लोक जे बोलत होते तेच बोलणारे खरे लोक प्रत्येक प्रोजेक्टमध्ये आहेत, म्हणूनच ते खपून गेलं. बॉटनं उघडलेला बग महिनाभर पडून राहिला की येणारा-जाणारा त्यावर 'एनी अपडेट?' लिहून जातो. बॉटनं दिलेली बातमी अशी हळूहळू देणं होऊन बसते, आणि ज्यानं काही उधार घेतलंच नव्हतं त्याच्याकडे वसुली सुरू होते. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि उपाय म्हणून मेंटेनरला 'सेल्फ-केअर'चे सल्ले देणं हे तर उंटावरून शेळ्या हाकणं आहे.

मग काय व्हावं? पहिलं, सूचनेत आकड्यापेक्षा जास्त काही यावं. मागच्या टारबॉलशी फरक काय, त्यातल्या कुठल्या फाईल गिटमध्ये नाहीत, बिल्डच्या स्क्रिप्ट बदलल्यात का, नवीन बायनरी फाईल आलीये का, लायसन्सच्या फाईलला हात लागलाय का, सही करणारी किल्ली तीच आहे का दुसरी, नवीन डिपेंडन्सी कुठली, हे सगळं यंत्राला काढता येतं. फरक दाखवणारं डिफोस्कोप आहे, फेडोराकडे पॅकेज तपासणारं आरपीएमइन्स्पेक्ट आहे, यूस्कॅनला अपस्ट्रीमची सही तपासता येते, निक्सचा बॉट तर आत्ताच बिल्ड करून बायनरी चालवून बघून त्याचा निकाल पुल रिक्वेस्टमध्ये लिहितो. ही हत्यारं आहेत, ती वेगवेगळ्या टप्प्यावर विखुरलेली आहेत, बरीचशी बदल केल्यानंतर चालतात. ती आधी, त्या पहिल्या मेलमध्येच यावीत. एक्सझेडच्या मेलमध्ये 'टारबॉलमधली ही एमफोर फाईल गिटमध्ये नाही' एवढी ओळ असती तर कदाचित तरीही कुणी दुर्लक्ष केलं असतं, कारण ऑटोटूल्स या बिल्डच्या साधनांनी केलेल्या टारबॉलमध्ये अशा फाईल असतातच, हेही मी मान्य करतो. पण तीच फाईल सगळीकडे असते त्या मूळ प्रतीपेक्षा वेगळी आहे, हे यंत्राला सांगता आलं असतं आणि तिथे माणूस थांबला असता.

दुसरं, वाचण्याचा पगार. सेबीनं ऑगस्ट २०२४ च्या आपल्या सायबर सुरक्षा चौकटीत एसबीओएम (सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी) मागितला, सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एसबीओएमच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, युरोपचा सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२४ पासून अमलात आहे, त्यातली कळवण्याची बंधनं ११ सप्टेंबर २०२६ पासून आणि बाकीची बहुतेक ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतात. या सगळ्यामुळे कंपन्यांकडे आपण कुठली पॅकेजेस कुठल्या व्हर्जनला वापरतो याची यादी तयार होते. चांगली गोष्ट आहे. पण यादी हातात आली की कंपनी काय करते, तर त्याच यादीवर अजून एक बॉट बसवते जो अपस्ट्रीमला अजून एक मेल पाठवतो. मला वाटतं ज्या कंपनीकडे यादी आहे तिनं यादीतल्या वरच्या वीस-पंचवीस पॅकेजेसच्या रिलीज वाचनासाठी आपल्या माणसांचे तास द्यावेत, ऑफिसच्या वेळात, अप्रेझलमध्ये मोजले जातील असे, आणि वाचून काय दिसलं ते डिस्ट्रोच्या बगमध्ये उघडपणे लिहावं. हिंजवडीपासून खराडीपर्यंत पॅकेजिंग आणि टेस्टिंग पोटापाण्यासाठी करणारे पुष्कळ लोक आहेत, ज्ञान कमी नाही, टाइमशीटमध्ये त्याला रकाना नाही एवढंच.

कुणी म्हणेल कंपन्या हे फुकट का करतील. फुकट नाहीच, लॉगफोरजेच्या डिसेंबरात ओव्हरटाइमचे जेवढे पैसे गेले असतील त्याच्या मानानं हे काहीच नाही. आणि कायद्यातलं उत्तरदायित्व आता पैसे कमावणाऱ्यावर येतंय, बिनपगारी मेंटेनरवर नाही, निदान युरोपच्या कायद्यात तसा फरक मुद्दाम केलाय, त्यामुळे वाचलं नाही हे कारण पुढे चालणार नाही.

आणि कंपनीची वाट न बघता करण्यासारखं पण आहे. तुम्ही रोज वापरता असं एक पॅकेज निवडा, फाँट घ्या, कीबोर्डचं काही घ्या, हनस्पेल या शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रामचा मराठी शब्दकोश घ्या, त्याचा बॉटनं उघडलेला बग शोधा, 'एनी अपडेट?' लिहू नका, त्याऐवजी लिहा की मी या दोन व्हर्जनमधला फरक वाचला, एवढ्या फाईल बदलल्यात, लायसन्स तेच आहे, टारबॉल गिटमधल्या टॅगशी जुळतो किंवा या या फाईल जुळत नाहीत, कोजीचं चाचणीचं बिल्ड उतरवून चालवून बघितलं, 'दऱ्या', 'कऱ्हाड', 'वाऱ्यावर' नीट दिसतंय, लिबरऑफिसमध्ये पीडीएफ काढल्यावर ल हिंदीसारखा येतोय, सोबत स्क्रीनशॉट जोडलाय. पॅकेजर नसलात तरी चालतं, बगझिलाचं खातं पुरतं.